सोशल डेमोक्रसी तेलविहीर बंद करू शकेल का?

उत्तरवारा

नॉर्वेत स्टाव्हांगरला येऊन चौदा वर्षं झाली. नवरा तेलक्षेत्राला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत, मी नगरपालिकेच्या बालवाडीत. म्हणजे आमच्या घरी येणारा बहुतेक पैसा कुठून ना कुठून उत्तर समुद्राच्या तळातूनच येतो. हे आधी सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातून मी स्वतःला वगळलेलं नाही.

मे महिन्यात आमच्या गल्लीत ‘दुग्नाद’ होतं. आपल्याकडच्या श्रमदानासारखं. सगळी घरं मिळून पायवाटेवरचं शेवाळ खरवडतात, झुडपं छाटतात, मग कॉफी आणि गरम वाफल. आमचा शेजारी तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कामाला आहे, दोन आठवडे समुद्रात आणि चार आठवडे घरी. फावड्यावर हात टेकून तो म्हणाला, "उद्या दुसरं काम दिलं तर मी जाईन. पगार थोडा कमी चालेल. इथे उपाशी कोण मरतंय? पण विहीर बंद करायची की नाही हे मला कुणी विचारत नाही, आणि जे चालू ठेवतात ते माझ्या नोकरीचं कारण पुढे करतात." तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये.

शब्दाबद्दल थोडं. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत ज्या सामाजिक लोकशाहीबद्दल सांगितलं, ती कल्पना वेगळी आणि जास्त खोल आहे. मी इथे सोशल डेमोक्रसी म्हणतेय ती युरोपातली राजकीय परंपरा: मजबूत कामगार संघटना, चढे कर, सर्वांना शिक्षण-आरोग्य-पेन्शन, बाजार राहील पण त्याला वेसण असेल.

या परंपरेचं नॉर्वेपेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. १९६९ च्या अखेरीस उत्तर समुद्रात एकोफिस्कला तेलाचा मोठा साठा सापडला. १९७२ मध्ये सरकारी तेल कंपनी काढली. तेलाच्या नफ्यावर आजही ७८ टक्के कर आहे. १९९० मध्ये कायदा करून तेलाचा पैसा साठवायला फंड स्थापला, १९९६ मध्ये त्यात पहिली रक्कम पडली, आणि आज त्यात वीस लाख कोटी क्रोनरच्या आसपास पैसे आहेत. माणशी पस्तीस लाख क्रोनर धरा. तेल सापडलेल्या किती देशांची धूळधाण झाली ते पाहिलं की या लोकांपुढे हात जोडावेसे वाटतात.

शिवाय ‘शाश्वत विकास’ हा आपल्या पाठ्यपुस्तकातला शब्द ज्या १९८७ च्या अहवालामुळे जगभर गेला, तो आयोग ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या अध्यक्षतेखाली होता. त्या इथल्या लेबर, म्हणजे सोशल डेमोक्रॅट, पक्षाच्या पंतप्रधान होत्या. २०२४ मध्ये इथे विकलेल्या नव्या गाड्यांपैकी दहातल्या जवळपास नऊ पूर्ण विजेवरच्या होत्या.

आणि तरी? २०१९ मध्ये योहान स्वेर्ड्रुप हे प्रचंड तेलक्षेत्र सुरू झालं. तिथली यंत्रं किनाऱ्यावरून नेलेल्या विजेवर चालतात, ती वीज मुख्यतः धबधब्यांची. तेल काढताना धूर होऊ नये म्हणून एवढी काळजी! पण ते तेल ज्या देशात जळतं, तिथला धूर नॉर्वेच्या खात्यात येत नाही.

मला वाटतं, सोशल डेमोक्रसीला वाटून घेता येतं, थांबता येत नाही. तिची सगळी रचना वाढत्या भाकरीवर उभी आहे. मला खोडून काढा. खरंच, कुणी खोडलं तर मला बरं वाटेल.

गिरणगाव

ताई, तुमचा शेजारी बोलला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही भर्रकन ओलांडलंत. "इथे उपाशी कोण मरतंय?"

माझे वडील मुंबईच्या कापड गिरणीत साचे खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत. अडीच लाख कामगार बाहेर. वर्ष सरलं, संप मागे घेतल्याचं कुणी सांगितलंही नाही, तो नुसता विरत गेला. पुढे गिरणी बंदच झाली. वडिलांनी गेटपास मात्र शेवटपर्यंत जपला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याच्या मागे. आई खानावळीच्या पोळ्या लाटायला लागली, मोठ्या भावानं शाळा सोडली. त्या काळात आमच्या चाळीत येऊन कुणी म्हटलं असतं की चिमण्यांचा धूर थांबला, हवा स्वच्छ झाली, तर लोकांनी त्याला जिन्यावरून खाली ढकललं असतं.

आता जर्मनीतलं रूर खोरं बघा. १९५७ च्या सुमारास पश्चिम जर्मनीतल्या दगडी कोळशाच्या खाणींत सहा लाख माणसं होती. रूरवरचं आकाश पुन्हा निळं झालं पाहिजे, असं सोशल डेमोक्रॅट नेते विली ब्रांट १९६१ मध्ये निवडणुकीच्या प्रचारात म्हणाले, तेव्हा बऱ्याच जणांना ते वेड वाटलं. शेवटची खाण बॉट्रॉपची, २१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली. खाणकामगारांनी कोळशाचा शेवटचा तुकडा वर आणून राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला. सहा लाखांवरून शून्यावर आले, आणि शेवटच्या टप्प्यात एकाही कामगाराला सक्तीनं काढलं नाही. कुणी लवकर पेन्शनवर, कुणी दुसऱ्या खाणीत, कुणी नवं काम शिकून बाहेर. हे आपोआप घडलं नाही. १९५१ च्या कायद्यानं कोळसा आणि पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळावर निम्म्या जागा कामगारांना मिळाल्या होत्या. बंद करायचं, तर कसं आणि किती वर्षांत, याचा हिशेब कामगारांचे प्रतिनिधी टेबलावर बसून करत होते.

एक अख्खा उद्योग आटोपायचा असेल तर मला याहून माणुसकीचा रस्ता माहीत नाही. सोशल डेमोक्रसीला थांबता येत नाही असं कसं म्हणता?

तळवट

काका, वडिलांबद्दल वाचून गलबललं. पण रूरबद्दल अर्धंच सांगितलंत. खाणी बंद झाल्या त्या आकाशासाठी नव्हे, तिथला कोळसा महाग पडायला लागला म्हणून. अब्जावधी युरोंचं अनुदान देऊन तो वर्षानुवर्षं चालू ठेवला होता. आणि खाण बंद झाली म्हणून कोळसा जळायचा थांबला नाही. बॉट्रॉप बंद होत असताना रशिया आणि कोलंबियाचा कोळसा जर्मन बंदरांत उतरत होता. शेजारच्या ऱ्हाइन पट्ट्यात लिग्नाइट या हलक्या कोळशाच्या उघड्या खाणी तर आजही आहेत. जानेवारी २०२३ मध्ये ल्युत्सेराथ हे गाव पोलीस लावून रिकामं केलं, तेव्हा चॅन्सेलर सोशल डेमोक्रॅट होते आणि ग्रीन पक्ष सरकारात होता.

गिरणगाव

मान्य. मी जर्मनीला प्रमाणपत्र देत नाहीये. कारण कुठलंही असो, बंद करण्याची पद्धत त्यांना सापडली, एवढंच म्हणतोय. आपल्याला आजतागायत सापडलेली नाही. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले, आणि घरासाठी लॉटरीत नाव लागायची वाट बघत माझ्या वडिलांच्या बरोबरीचे कितीतरी जण गेले.

हिशेबनीस

उत्तरवारा, तुमच्या मांडणीत मला गडबड दिसते. तुम्ही नॉर्वेचा दोष सोशल डेमोक्रसीच्या माथी मारताय. शेजारी स्वीडन आहे. परंपरा तीच, किंबहुना जुनी. तिथे सोशल डेमोक्रॅट १९३२ ते १९७६ जवळजवळ सलग सत्तेत होते. दोन्ही देशांनी कार्बन कर एकाच वर्षी लावला, १९९१. नॉर्वेचं देशांतर्गत उत्सर्जन १९९० च्या तुलनेत दहा-बारा टक्क्यांच्या आसपास घटलं, स्वीडनचं साधारण एक तृतीयांश. अर्थव्यवस्था दोघांचीही वाढली.

स्वीडननं केलं काय? कर कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे २५० क्रोनरपासून सुरू केला, टप्प्याटप्प्यानं हजाराच्या पुढे नेला, आणि सुरुवातीलाच आयकर कमी केला. लोकांना एका खिशातून गेलेलं दुसऱ्या खिशात दिसलं. जोडीला नगरपालिकांनी घरं तापवण्याच्या सामाईक यंत्रणा उभारल्या होत्याच: एका ठिकाणी पाणी तापवायचं आणि जमिनीखालच्या नळांतून शहरभर फिरवायचं. पूर्वी घरोघरी तेलाचे बॉयलर होते. ते गेले, आणि कुणाचं घर गार पडलं नाही. लोकांचा सरकारवर विश्वास नसता तर तो कर दोन वर्षंही टिकला नसता. फ्रान्समध्ये २०१८ ला इंधनावरचा कर वाढवायला गेले, पिवळी जाकिटं घातलेले आंदोलक रस्त्यावर आले आणि वाढ मागे घ्यावी लागली.

आता शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर. होय, बंद करू शकते. डेन्मार्कनं केलं. डिसेंबर २०२० मध्ये, सोशल डेमोक्रॅट सरकार असताना, तिथल्या संसदेनं तेल-वायूचे नवे परवाने देणं थांबवलं आणि उत्पादन बंद करण्याचं वर्ष ठरवलं: २०५०. तेव्हा डेन्मार्क युरोपीय संघातला सर्वांत मोठा तेल उत्पादक होता. पुढे २०२४ मध्ये शेतकऱ्यांची शिखर संघटना, उद्योग, कामगार संघटना आणि निसर्ग संरक्षणवाले एका टेबलाभोवती बसले, आणि २०३० पासून गुरांच्या उत्सर्जनावर कर लावायचं ठरलं. डुकरं आणि लोणी ज्या देशाची ओळख, तिथे! याला खोल बदल म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

लाल माती

डेन्मार्कचं पूर्ण सांगा की. तिथलं तेल आटत आलं होतं. परवान्यांच्या त्या फेरीतून फ्रान्सच्या मोठ्या कंपनीनं आधीच अंग काढून घेतलं होतं, अर्जदार एकच उरला होता. जे दुकान चालत नव्हतं त्याला कुलूप लावलं. नॉर्वेचं दुकान जोरात आहे, त्याला लावून दाखवा.

आणि स्वीडनबद्दल: २०२२ ला सरकार बदललं, नव्या सरकारनं पेट्रोल-डिझेलमध्ये जैवइंधन मिसळण्याचं बंधन २०२४ पासून एकदम खाली आणलं, आणि त्या वर्षी उत्सर्जन वाढलं. तीस वर्षांची कमाई निवडणुकीच्या एका निकालानं मागे सरकते. कारण मालकी बदललेली नाही. कारखाना कुणाचा, गुंतवणूक कुठे करायची, काय बनवायचं आणि काय नाही, हे ठरवणारे हात तेच आहेत. सोशल डेमोक्रॅट त्या हातांवर कर लावतात, हात बदलत नाहीत.

बदलायचा प्रयत्न एकदाच झाला, आणि त्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असायला हवी. रुडॉल्फ माइडनर हे स्वीडनच्या कामगार महासंघाचे अर्थतज्ज्ञ. त्यांची योजना १९७६ मध्ये महासंघाच्या अधिवेशनात मंजूर झाली. मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी नफ्याचा पाचवा हिस्सा नव्या शेअर्सच्या रूपात कामगारांच्या फंडात घालायचा. रोख पैसा बाहेर जात नाही, कंपनी दुबळी होत नाही, पण वीस-तीस वर्षांत बहुमत कामगारांकडे. रक्त न सांडता, मतपेटीतून! मग काय झालं? त्याच वर्षी सोशल डेमोक्रॅट पक्ष चव्वेचाळीस वर्षांनी निवडणूक हरला. सत्तेत परतले तोवर योजना पातळ करून टाकली होती. ४ ऑक्टोबर १९८३ ला मालकवर्गानं स्टॉकहोममध्ये हजारोंचा मोर्चा काढला. डिसेंबरात कायदा संमत होत असताना अर्थमंत्री फेल्ट संसदेत बसून त्याच फंडांना शिव्या देणारी कविता खरडत होते. छायाचित्रकारानं कागदाचा फोटो काढला म्हणून जगाला कळलं. सरकारच्याच अर्थमंत्र्याला ती योजना नको होती. १९९१ नंतरच्या उजव्या सरकारनं ते फंड मोडीत काढले.

सोशल डेमोक्रसी खोल जायला लागली की तिचेच नेते तिला वर ओढतात. मला हे उत्तर आवडत नाही, पण मला दुसरं दिसत नाही.

हिशेबनीस

तुम्ही ज्याला पराभव म्हणता त्याला मी मतदान म्हणतो. माइडनर योजनेवर कामगारांमध्येही उत्साह नव्हता. आपल्या फंडाचं बहुमत म्हणजे प्रत्यक्षात संघटनेच्या पदाधिकाऱ्यांचं बहुमत, हे त्यांना कळत होतं. लोकांना नको असेल तर खोल बदल करायचा कसा, हे तुम्ही कधीच सांगत नाही. आणि मालकी सरकारी असली की निसर्ग वाचतो म्हणता? नॉर्वेच्या तेल कंपनीत दोन तृतीयांश वाटा सरकारचाच आहे. उत्तरवाराताईंचा सगळा धागाच त्यावर आहे.

लाल माती

सरकारी मालकी आणि लोकांची मालकी यातला फरक मला माहीत आहे. बाकी नॉर्वेचा मुद्दा लागला, कबूल करतो. त्यावर विचार करून लिहीन.

रानवाटा

वरच्या सगळ्या चर्चेत टेबल आहे. टेबलावर मालक, कामगार, सरकार. माझा प्रश्न, टेबलावर कोण नाही?

नॉर्वेतच फोसेन द्वीपकल्पावर पवनचक्क्या आहेत. रोआन आणि स्टोरहाइया, दोन्ही मिळून १५१. स्वच्छ वीज. पण ती जागा म्हणजे सामी या तिथल्या आदिवासींच्या रेनडियरची हिवाळी चराई. ११ ऑक्टोबर २०२१ ला नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की या परवान्यांनी सामींच्या आपली संस्कृती जगण्याच्या हक्काचा भंग झाला आहे. पुढे पाचशे दिवस काहीच हललं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सामी तरुण ऑस्लोत मंत्रालयात ठिय्या देऊन बसले, तेव्हा सरकारनं माफी मागितली. सरकार लेबर पक्षाचंच. नंतर भरपाई, पर्यायी चराई वगैरे ठरवून तडजोडी झाल्या. पाती अजून फिरताहेत.

मी नंदुरबारला नर्मदेच्या विस्थापितांच्या वसाहतीत काम केलंय. महाराष्ट्रातली ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडितात गेली. वसाहतीतल्या एका आजीनं मला नव्या घराचं दार दाखवलं होतं. जुन्या घराचं सागाचं दार काढून, बैलगाडीवर घालून आणलं आणि सिमेंटच्या भिंतीत बसवलं. चौकट मोठी होती म्हणून भिंत फोडावी लागली. फोसेनचं वाचताना मला ते दार आठवलं. भरपाई दोन्हीकडे आहे, तिकडे कितीतरी जास्त आणि वेळेवर. पण "नको" म्हणण्याचा अधिकार दोन्हीकडे नाही.

उत्तरवारा, बाबासाहेबांची सामाजिक लोकशाही वेगळी म्हणून तुम्ही सुरुवातीलाच बाजूला ठेवलीत. मला वाटतं तीच इथे हवी होती. स्वातंत्र्य, समता, बंधुता एकमेकांपासून तोडता येत नाहीत असं ते त्या भाषणात म्हणाले. युरोपनं समतेचं पुष्कळ केलं. टेबलाच्या बाहेरच्या माणसाला भाऊ मानायचं राहिलं, आणि नदीचं, कुरणाचं राखण नेमकं तोच माणूस करतो.

माणदेशी

थोडं आपल्याकडचं, कारण हा विचार आपल्या मातीत रुजलाच नाही असं नाही. मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्यांनी पगारपत्रक काढून बघा. व्यवसाय कर, दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून योजना उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला. शहरातल्या पगारदारानं भरायचं आणि गावातल्या माणसानं मागितलं की काम मिळायचं, तेही बांधबंदिस्ती, नालाबंडिंग, पाझर तलाव. माझी आजी त्या बांधावर पाट्या वाहायला होती. बांध अजून आहे, त्याच्या खालच्या विहिरीला पाणीही आहे.

पण दुसरी बाजूही इथलीच. प्रवरानगरचा कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. शेतकऱ्यांच्या मालकीचा, सहकारी. त्यातून शाळा, कॉलेजं, दवाखाने निघाले. गावं वर आली, हे मी मनापासून म्हणतो. मग तो नमुना राज्यभर गेला आणि ऊस पाणी पिऊन बसला, अगदी दुष्काळी पट्ट्यातही. आज कुणी पुढारी ऊस कमी करा म्हणेल का? कारखान्यावर दवाखाना उभा आहे, पतपेढी उभी आहे, मुलांची फी उभी आहे. उत्तरवाराताई, तुमच्या शेजाऱ्याची अडचण मला इथे बसून कळते.

उत्तरवारा

सगळं दोनदा वाचलं.

रानवाटा, तुमचं म्हणणं बरोबर आहे, मी तो अर्थ घाईनं बाजूला ठेवला. फोसेनच्या आंदोलनाच्या वेळी आमच्या बालवाडीत सामी दिनाची गाणी नुकतीच बसवून झाली होती, आणि तरीही आम्ही मोठ्यांनी जेवणाच्या सुट्टीत त्या विषयावर एक शब्द काढला नव्हता.

लाल माती, "हात बदलत नाहीत" हे मला पूर्ण पटलेलं नाही. २०२४ च्या जानेवारीत इथल्या संसदेनं खोल समुद्राच्या तळाशी खनिजांसाठी दार उघडलं. त्याच डिसेंबरात सरकारला अर्थसंकल्प मंजूर करून घ्यायचा होता, मतं कमी पडत होती. डावीकडच्या एका छोट्या पक्षानं अट घातली, आणि परवान्यांची पहिली फेरी थांबली. ते दार कायमचं बंद झालेलं नाही, पण मालकी न बदलता यंत्रं थांबली होती. तेलाबाबत मात्र अशी अट घालण्याइतकी ताकद अजून कुणाकडे नाही.

गिरणगावकाका, तुमचं लिहिणं मी शेजाऱ्याला वाचून दाखवलं, जमेल तसं भाषांतर करत. तुमच्या वडिलांच्या गेटपासपाशी तो थांबवून म्हणाला, परत वाच. मग रूरबद्दल विचारत राहिला. मी शोधून सांगितलं की अनुदान २०१८ अखेर संपणार हा कायदा २००७ मध्येच झाला होता, म्हणजे बॉट्रॉपच्या कामगारांच्या हातात अकरा वर्षं होती. तो बराच वेळ गप्प बसला. त्याची मुलगी पुढच्या वर्षी इंजिनीअरिंगला जाणार आहे, तिला बापासारखं तेलातच जायचंय.

"त्यांना साल सांगितलं होतं," तो म्हणाला. "डेन्मार्कवाल्यांनाही सांगितलंय. मला कुणी साल सांगत नाही. मग मी पोरीला कुठली शाखा घे म्हणू?"